मांजरेच्या माथ्यावर

लातुरात वाढलेल्या माणसाला मांजरा वेगळी सांगावी लागत नाही. नळाला पाणी किती दिवसांआड येणार, हे धनेगावच्या धरणात साठा किती यावर ठरतं. २०१६ च्या उन्हाळ्यात तो साठा संपला आणि मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आमच्यासाठी पाणी आलं. एप्रिलमधल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. स्टेशनवर ती गाडी बघायला आम्ही सगळे गेलो होतो. आपण जिचं पाणी पितो ती नदी निघते कुठून, तिथली माणसं काय पितात, हे बघून यायचं तेव्हापासून मनात होतं.

उगम बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, गवळवाडीच्या शिवारात. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२३ मीटरवर, बालाघाटाच्या माथ्यावर. त्या भागात माझे एक स्नेही जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, "भाऊबीज झाली की लगेच या. आठ दिवस उशीर केलात तर वाड्यांवर बोलायला माणूस गावायचा नाही."

गुरुवार

लातूर, अंबाजोगाई, केज, नेकनूर, मांजरसुंबा. एसटीत बसून खिडकीबाहेर बघत गेलं की जमीन कशी बदलते ते कळतं. अंबाजोगाईपर्यंत काळी माती आणि सोयाबीन निघून गेलेली मोकळी रानं. केजच्या पुढं मातीचा रंग उतरत जातो, नेकनूरनंतर मुरूम वर येतो आणि मांजरसुंब्याला पोचेपर्यंत दोन्ही बाजूंना उघडे माळ, सपाट माथ्यांचे डोंगर आणि त्यांच्या उतारावर सीताफळीची झुडपं.

मांजरसुंब्याहून कपिलधार जवळच आहे, म्हणून आधी तिकडं गेलो. मन्मथस्वामींची समाधी, बाजूला डोंगरातून पडणारी धार. कार्तिकी पौर्णिमा तोंडावर आली होती. लातूर-नांदेडकडून आणि कर्नाटकातून वीरशैव समाजाच्या पायी दिंड्या इथं येतात. त्यांच्या स्वागताचे मांडव घालायचं काम चाललेलं होतं. माझी आई दोनदा या दिंडीत चालली आहे. ती सांगायची ते घाटाचं वळण मी पहिल्यांदाच बघत होतो.

लिंबागणेशवरून पाटोद्याकडं निघालो. वाटेत नायगावचं मयूर अभयारण्य लागतं. १९९४ साली मोरांसाठी राखलेलं, तीसेक चौरस किलोमीटरचं रान. मोर दिसले नाहीत, ओरडणं मात्र रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. संध्याकाळी गुरुजींच्या घरी बाजरीची भाकरी, येसर आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. येसर लातूरकडंही करतात, पण इथली आमटी जास्त तिखट आणि पातळ. भाकरी कुस्करून खायची ती रीत.

शुक्रवार

सकाळी गुरुजींच्या मोटारसायकलवर गवळवाडीच्या शिवारात गेलो. तिथून ओढ्याच्या कडेनं वर चालायला लागलो. खाली ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. वर जावं तसं ते आक्रसत गेलं. आधी हातभर धार, मग दगडादगडांतून नुसता ओलावा, मग हिरवं गवत दाखवील तेवढीच वाट. त्याच्याही वर गेलं की उघडा माळ आणि वारा. मांजरा इथून निघते आणि ७२४ किलोमीटर चालते. बीड, धाराशिव, लातूर, पुढं बिदर, मग तेलंगण, आणि शेवटी गोदावरीत. निजामानं १९३१ साली पुरा केलेला निजामसागर याच नदीवर आहे. सिंगूरच्या धरणातून हैदराबाद शहराला तिचंच पाणी गेलं. एवढ्यांना पुरवणारी नदी जिथं जन्म घेते तिथल्या माळावर उभं राहिलो आणि दूरवर एकही बागायत दिसली नाही.

माळावर एक म्हातारे बाबा शेळ्या चारत होते. धोतर, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. गुरुजींना ओळखत होते. मी लातूरचा आहे म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजी आमचं पाणी तुमच्याकडंच येतंय की."

पाणी इथं का थांबत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. त्यासाठी ते मला एका पडक्या विहिरीच्या काठावर घेऊन गेले आणि काठीनं थर दाखवले. वर हातभर माती, तीही बरड. खाली मुरूम. मग मांजऱ्या नावाचा खडक. त्याच्या खाली काळा पाषाण, ज्यात पाणी शिरतच नाही. पाऊस पडला की मुरमातून पाणी पाझरतं, पाषाणाला लागतं आणि उताराला वाट मिळेल तिकडं डोंगराच्या कडेनं बाहेर पडतं. पावसाळ्यात कपारी-कपारीतून झरे फुटतात आणि संक्रांतीपर्यंत बंद होतात. विहीर कितीही खोल नेली तरी पाषाणात कोरडीच. "माथ्यावरच्या माणसानं पाणी नुसतं जाताना बघायचं," बाबा म्हणाले.

७२ च्या दुष्काळात बाबा विशीतले होते. समोरच्या दरीतला पाझर तलाव त्या वेळच्या दुष्काळी कामावर बांधलेला. त्यांनी आणि त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी त्यावर दगड वाहिले, सुकडी खाल्ली. तलावाची भिंत अजून धड आहे, आत गाळ भरला आहे. तरीही खालच्या दोन विहिरींना मार्चपर्यंत पाणी राहतं ते त्या तलावामुळंच. त्याच दुष्काळात त्यांच्या वाडीतली पहिली माणसं नगर जिल्ह्यात ऊस तोडायला गेली. एक वर्ष निभावून न्यायचं म्हणून गेली होती. आता त्यांचे नातू जातात.

परतताना गुरुजींनी गाडी एका उंचवट्यावर थांबवली. तिथून दोन्हीकडचे उतार दिसतात. पूर्वेकडं पडलेलं पाणी मांजरेत, म्हणजे गोदावरीत. नैऋत्येकडं पडलेलं विंचरणेत, तिथून सीनेत, भीमेत आणि कृष्णेत. पाटोद्याचं पठार असं दोन मोठ्या नद्यांची खोरी वेगळी करतं. बीड जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. उसाला वर्षाकाठी दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. हे दोन आकडे मला आधीही माहीत होते. पण त्या उंचवट्यावरून दोन्ही बाजूंच्या कोरड्या वाड्या दिसत असताना ते मनात आले तेव्हा राग आला. या माथ्यावरचं पाणी खाली जाऊन ऊस पिकवतं आणि माथ्यावरची माणसं तोच ऊस तोडायला खाली जातात. तोडणी मांजरेकाठी असो नाहीतर सीना-भीमेकाठी, पाणी इथून गेलेलं असतं.

शनिवार

आज दऱ्यात उतरायचं होतं. इकडं दरीला दरा म्हणतात आणि दऱ्यातल्या वस्तीला वाडी. ज्या वाडीला जाणार होतो तिचं नाव लिहीत नाही. घरं इतकी थोडी आहेत की नाव दिलं तर माणसं ओळखू येतील.

एसटी वरच्या गावापर्यंतच येते. तिथून मुरमाची गाडीवाट डोंगराच्या कडेनं खाली जाते. पावसाळ्यात ओढा तीन ठिकाणी ही वाट अडवतो, तेव्हा आजारी माणसाला बाजेवर घालून वर आणावं लागतं. आम्ही पायवाटेनं गेलो. आजूबाजूला धावडा, सालई, पळस, हिवर आणि सगळीकडं सीताफळी. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या मुरमाड उतारांमुळंच. इथं कुणी त्याला खत-पाणी घालत नाही. शेवटचा तोडा चालू होता. दोन बायका डोक्यावर पाट्या घेऊन वर चढत होत्या. त्यांनी आम्हाला थांबवून दोन-दोन फळं दिली. डोळे उघडलेलं फळ हातात घेतलं की बोटांनीच फुटतं. खपल्या-खपल्यांच्या मधली रेघ पांढरी-पिवळी झाली की तोडायचं, आणि दोन दिवसांत विकलं नाही तर गेलं. ती पाटी वर गावात व्यापाऱ्याला द्यायची, तो सांगेल तो भाव घ्यायचा, कारण फळ परत खाली नेता येत नाही.

दऱ्याच्या तळाशी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. खाली थोडी सपाट जमीन. गुडघ्याएवढी ज्वारी, बांधावर फुलावर आलेली तूर. दगडमातीची घरं, वर पत्रे, प्रत्येक दारात लिंब. मारुतीचं ठेंगणं देऊळ. एक आड, ज्यावर सगळी वाडी अवलंबून. आणि देवळापुढच्या मोकळ्या जागेत एक ट्रक उभा. तो ट्रक गाडीवाटेनं खाली कसा आणला असेल हे मला अजूनही कळत नाही.

उद्या पहाटे टोळी निघणार होती. वाडीतली बारा जोडपी कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर चालली होती. इकडं जोडपं म्हणत नाहीत, कोयता म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादमानं आखाडातच उचल दिलेली, कोयत्यामागं लाखाच्या आसपास. ती लग्नात, दवाखान्यात, मागच्या वर्षीच्या बाकीत गेली. आता हंगामभर ती फेडायची. नवरा-बायकोनं मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती झाली म्हणूनच यंदा जरा बरं, असं एक जण म्हणाला आणि दुसऱ्यानं लगेच त्याला मागची बाकी आठवून दिली.

दुपारभर आम्ही एका घराच्या ओट्यावर बसून होतो. समोर बांधाबांध चालली होती. पत्र्याची पेटी, गोधड्यांचा गठ्ठा, ज्वारीचं आणि बाजरीचं एकेक पोतं, लोखंडी तवा, परात, दोन घागरी, कोपीसाठी, म्हणजे फडावरच्या झोपडीसाठी, ताडपत्री आणि बांबू. एका डालग्यात चार कोंबड्या. कोयते वरच्या गावातल्या लोहाराकडून पाजवून आणलेले, गोणपाटात गुंडाळून वेगळे ठेवलेले. घरची सून एकेक वस्तू काढायची, हातात धरून थोडा विचार करायची आणि ठरवायची. पाटा-वरवंटा तिनं तीनदा दारापर्यंत आणला आणि शेवटी परत आत नेला. लेकीच्या दप्तराचं मात्र तिचं ठरलेलं होतं. ते इथंच राहणार.

तिची सासू, म्हणजे आजी, या सहा महिन्यांत घर, दोन शेळ्या आणि तीन नातवंडं बघणार. धाकटं अंगावर पितं म्हणून तेवढं आईबरोबर. आजीनं मला विचारलं, "तुमच्याकडं लातुराला ऊस हाय का?" आहे म्हटलं. "मग तिथलं तुमचं माणूस तोडीत न्हाई का?" मी सांगितलं, तोडतात काही, पण जास्त करून इकडूनच येतात. आजी काही बोलली नाही. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. सोबत हुलग्याचे शेंगुळे होते, लसूण-मिरचीच्या रश्शात शिजवलेले.

सुनेशी बोलणं गुरुजींच्या बायकोमुळं झालं. त्या आज आमच्याबरोबर आल्या होत्या म्हणून. फडात पहाटे चारला जायचं, कोपीजवळ ना न्हाणी ना संडास, पाळी आली तरी खाडा करायचा नाही, कारण खाड्याचे पैसे कापतात. तिच्या थोरल्या जावेनं तिशीच्या आतच पिशवी काढून टाकली. आता तिची कंबर दुखते, उभं राहवत नाही, तरी ती उद्या ट्रकमध्ये चढणार आहे. २०१९ मध्ये या प्रश्नावर राज्य सरकारनं समिती नेमली होती. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. मी तो आकडा तेव्हा वर्तमानपत्रात वाचला होता. जाऊबाई समोर बसून तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही आणि निवडायचं थांबवलंही नाही.

रात्री देवळापुढं भजन झालं. पखवाज वाजवणारा पोरगा उद्या जाणार होता, म्हणून सगळ्यांनी त्याला उशिरापर्यंत वाजवू दिलं.

रविवार

चार वाजता जाग आली. ट्रकच्या चाकांपुढं नारळ फुटला, बायकांनी बोनेटला हळदकुंकू लावलं. सामान खाली, त्यावर गोधड्या, गोधड्यांवर माणसं. लेकरं झोपेतच वर दिली. ज्यांचे बैल होते, ते टायरगाडीवाले दोन दिवस आधीच गेलेले. टोळीतले सगळ्यांत वयस्कर गृहस्थ पासष्टीचे असतील, त्यांचा हा पस्तिसावा हंगाम असं त्यांचा मुलगा म्हणाला. ते स्वतः फळीवरून सरळ वर चढले.

ट्रक घाटवाटेला लागल्यावर उजाडलं. वाडीत म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि एक बाळंतीण उरली. आजीनं लगेच कामाला हात घातला. आडावर रांग नव्हती, म्हणून तिनं आज चार घागरी जास्तीच्या भरून घेतल्या. दोर ओढताना तिचा श्वास लागत होता. मी दोर हातात घेतला तेव्हा तिनं घेऊ दिला, पण पोहरा आत कसा आपटायचा ते मला जमेना आणि थोरल्या नातीनं येऊन ते करून दिलं. ती सहावीत आहे. पोहरा पाण्यावर तिरका पडला पाहिजे, तरच भरतो.

गुरुजींनी मुलांना ओट्यावर जमवून कोण गेलं, कोण राहिलं याची नोंद केली. सुट्टी संपून शाळा उघडली की हंगामी वसतिगृहाच्या यादीत ही नावं जातात; मग राहिलेल्या मुलांना सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळतं आणि आईबापांबरोबर फडावर जायची वेळ येत नाही. २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहांची योजनाही आली आहे. गुरुजी त्यासाठी दोन वर्षं खेटे घालताहेत. त्यांचं म्हणणं साधं आहे: पोर सहा महिने गावात राहिलं तर ते दहावीला पोचतं. फडावर गेलेलं पोर तिसरी-चौथीनंतर पटावर फक्त नावाला राहतं, कारण मोळी बांधायला आठ वर्षांचे हातही चालतात. नोंद करताना दोन नावांपाशी ते थांबले. दोघं भाऊ काल रात्रीपर्यंत राहणार होते, पहाटे ट्रकमध्ये गेले. त्यांची आजी एकटी, तिला दोघं सांभाळणं होईना. गुरुजींनी त्यांच्या बापाला तिथूनच फोन लावायचा प्रयत्न केला. दऱ्यात रेंज नाही. मग वर चढून, ज्या वळणावर रेंज येते तिथं उभं राहून, अर्धा तास बोलले. त्या कारखान्याच्या परिसरात साखरशाळा चालू आहे का ते विचारायचं आणि नसेल तर जवळच्या शाळेत नाव घालायचं, एवढं बापाकडून कबूल करून घेतलं. कारखान्याजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा नंबरही कुठून तरी मिळवला. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मी त्यांना वीस वर्षं ओळखतो आणि आज पहिल्यांदा त्यांचं काम पाहिलं.

सोमवार

परत निघायच्या आधी सौताड्याला गेलो. पाटोदा-जामखेड रस्त्यावर, जिल्ह्याच्या हद्दीपाशी. विंचरणा इथं काळ्या कड्यावरून खोल दरीत पडते. दरीत रामेश्वराचं देऊळ आहे आणि पायऱ्या तळापर्यंत जातात. श्रावणात इथं पाय ठेवायला जागा नसते. आज धार बारीक होती, पण कड्याचे थर स्पष्ट दिसत होते, बाबांनी विहिरीत काठीनं दाखवले तसेच. पाषाणाच्या वरच्या कडेला ओलीचा आडवा पट्टा, आणि त्या पट्ट्यातूनच ठिकठिकाणी पाणी ठिबकत होतं.

इकडं यायचं असेल तर धबधब्यासाठी श्रावण-भाद्रपद, सीताफळासाठी दसरा-दिवाळी. माणसं भेटायची असतील तर अक्षय्य तृतीयेपासून दसऱ्यापर्यंत. तोवर कारखान्यांचे पट्टे पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या घरी आलेल्या असतात, पेरणीची धांदल असते, वाड्यांवर लग्नं असतात. दऱ्यात दुकान नाही, हॉटेल नाही. जाताना चहा-साखर, काडेपेटी आणि पोरांसाठी वह्या घेऊन जा. नेलेलं खाणं तिथंच बसून सगळ्यांबरोबर खा आणि कुणाकडं जेवलात तर पैसे पुढं करू नका, वाईट वाटतं त्यांना. सीताफळं घ्यायची तर वर व्यापाऱ्याकडून घेण्यापेक्षा वाटेत पाटी घेऊन चढणाऱ्या बाईकडून घ्या, आणि भाव करू नका.

मी आखाडात पुन्हा जाणार आहे. ओढा चढला तर उतरता येत नाही, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करायला गुरुजींनी सांगून ठेवलं आहे.